कारण असलेला टोमॅटो

हिगाशी-कसाईतल्या एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत पद्मिनी देवस्थळी रोज सकाळी आठ ते बारा भाजी पाकिटात भरायची. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे, पुढ्यात स्टीलचं लांब टेबल. गाजरं तीन-तीन, काकड्या चार-चार, टोमॅटोही चार-चार. देठ वर, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. सुरुवातीला तिला वाटायचं, हे टोमॅटो शेतातून येतच नसावेत, कुठल्यातरी साच्यातून पडत असावेत.

एका फेब्रुवारीत तिच्या विभागाची प्रमुख इनाबा-सान खोक्यातून एक टोमॅटो उचलून मोठ्याने हसली. टोमॅटोला चक्क नाक होतं. अंगठ्याएवढं, टोकाशी किंचित वर वळलेलं. टेबलाभोवतीच्या चौघीजणी हसल्या, एकीने फोटो काढला. मग इनाबा-सानने त्यावर 'वाकेआरी' अशी पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि तो स्वस्तातल्या मालाच्या टोपलीत टाकला.

पद्मिनीला जपानी बेताचंच येत होतं, पण नवा शब्द दिसला की तो सोलून पाहायची तिला खोड होती. 'वाके' म्हणजे कारण. 'आरी' म्हणजे आहे. कारण आहे.

"काय कारण आहे?" तिने विचारलं.

"कसलं?" इनाबा-सान म्हणाली.

"चिठ्ठीवर लिहिलंय ना, कारण आहे म्हणून. ते कोणतं?"

इनाबा-सानने मान तिरकी केली, ओठ मुडपले. "आकार," ती म्हणाली.

"आकार बिघडलाय, ते दिसतंच आहे. तो बिघडायचं कारण काय?"

आता चौघीजणी हात थांबवून तिच्याकडे बघायला लागल्या. इनाबा-सान भली बाई. तिने खरोखर क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पादोमिनी-सान, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही."

कुणी न विचारलेलं विचारणं हा पद्मिनीचा जुना धंदा. डोंबिवलीच्या शाळेत तिचं नावच 'प्रश्नपत्रिका' पडलं होतं. कुकरची शिट्टी कशी वाजते ते बघायला तिने आठवीत असताना ती खोलली होती आणि आईचा मार खाल्ला होता. पुढे एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं नोकरी केली. तिथे प्रश्न विचारायचे असतात ते फक्त गिऱ्हाइकाने, हे शिकली. नवरा विश्वजित एका व्यापारी कंपनीत. त्याची तोक्योला बदली झाली तेव्हा पद्मिनीने राजीनामा दिला आणि मुलीला, आर्याला, घेऊन त्याच्यामागे आली. पहिलं वर्ष स्टेशन, कचऱ्याचे वार आणि शाळेच्या चिठ्ठ्या समजून घेण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी तिने हा बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा भाजीशी बरं, असं ती म्हणायची.

त्या दिवशी सुटल्यावर तिने टोपलीतला तो नाकवाला टोमॅटो विकत घेतला आणि घरी आणून पाटावर आडवा चिरला. रात्रीच्या जेवणाची तयारी चालली होती. विश्वजित डोकावून म्हणाला, "कोशिंबीर आहे का शवविच्छेदन?"

"हे बघ ना. आत पाच कप्पे आहेत आणि हा सहावा छोटासा. तो सरळ नाकात गेलाय. आणि नाकात बी एकही नाही."

"मग?"

"मग काही नाही. बी पेरलं तर नाक येईल का, एवढंच."

आर्या तेव्हा चौदा वर्षांची. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची तिची तऱ्हा. "याबाई," ती पुटपुटली. आई आता पुरती हाताबाहेर गेली, असा त्याचा त्या वेळचा अर्थ.

पद्मिनीने गर वाटीत काढला, त्यात थोडं पाणी घातलं आणि तीन दिवस तसाच ठेवला. वर पांढरट साय धरली, घरभर आंबूस वास सुटला. मग गाळणीत धुतल्यावर बियांवरचं बुळबुळीत आवरण निघून गेलं आणि खाली लव असलेलं, भुऱ्या रंगाचं बी राहिलं. नात्तोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, रिकाम्या डब्यांना खाली भोकं पाडून तिने त्यात माती भरली. तोक्योचा मार्च काही डोंबिवलीचा नव्हे. ऊब हवी म्हणून डबे वायफायच्या राउटरवर मांडले. सातव्या दिवशी वाकलेल्या मानेचे हिरवे आकडे मातीतून वर आले.

पुढे गॅलरीत चार कुंड्या झाल्या. नवव्या मजल्यावरचं ऊन चांगलं, वाराही भरपूर. जुलैत फळं पिकली, आणि एकालाही नाक नव्हतं.

नाक नव्हतं ते नव्हतं, पण चार झाडांची फळं एकमेकांसारखीही नव्हती. एकाची गुलाबी आणि चपटी, दुसऱ्याची लाल पण सुपारीएवढी, तिसरी जाड सालीची, चौथी इतकी आंबट की विश्वजितने एक डोळा मिटून घेतला. एका आईच्या पोटची चार मुलं, आणि एकही आईवर गेलं नव्हतं.

"तू म्हणालीस सेम येणार," आर्या म्हणाली.

"मी म्हणाले येतंय का बघू. आता तर जास्तच गंमत झाली."

गंमत झाली होती, पण ती सांगणारं माणूस सापडत नव्हतं. शेवटी तिला आठवलं, की फुनाबोरीच्या वाटेवर एक म्हातारा शेतकरी आहे. उंच इमारतींच्या मधोमध त्याची प्लॅस्टिकची लांबलचक हरितगृहं होती, आत कोमात्सुना नावाची पालेभाजी. रस्त्याकडेला लाकडी फळी, त्यावर भाजीच्या जुड्या. विकायला कुणी बसलेलं नसायचं. एका रविवारी चारी झाडांची चार फळं डब्यात घालून ती सायकलवर निघाली आणि हरितगृहाच्या दाराशी उभी राहून तिने हाक मारली.

मोरोझुमी-सान बाहेर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ठेंगणे, मानेला टॉवेल. तिने मोडक्यातोडक्या जपानीत, फोनमधला नाकाचा फोटो दाखवत, सगळी हकिगत सांगितली.  मग त्यांनी एकेक फळ उचलून, उलटं करून, बुडाशी बोट फिरवून पाहिलं.

"तुमच्या टोमॅटोचं नाक हवेचं होतं," ते म्हणाले. "बियाचं नव्हतं. कळी धरायच्या वेळी फार थंडी पडली, किंवा फार उकडलं, की कप्पे चुकतात. एखादा जास्तीचा फुटतो. झाडाला ते ठाऊकही नसतं."

"आणि ही चार वेगवेगळी कशी?"

"बाजारातल्या टोमॅटोचे आई-बाप मुद्दाम दोन निराळ्या जातींचे घेतात. पहिली पिढी सारखी येते. तिचं बी पेरलंत, की आजी-आजोबा एकदम बाहेर पडतात, जसे पत्ते पिसल्यावर."

पद्मिनीला इतका आनंद झाला, की तिने तिथल्या तिथे पुढचा प्रश्न टाकला. "मग ज्याचा आकार बियातच असतो, असा वेडावाकडा टोमॅटो असतो का?"

मोरोझुमी-सानने टॉवेलने तोंड पुसलं. "या," ते म्हणाले.

शेवटच्या हरितगृहामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, सात झाडं होती. विकायची नव्हती, त्यांच्या हौसेची. एकाला लाल भोपळ्यासारख्या खोल फाका. एकाची फळं बटव्यासारखी, देठाशी दोरी ओढल्यागत चुण्या पडलेली. एकाची आतून पोकळ, ढोबळ्या मिरचीसारखी. आणि टोकाच्या झाडाला जे लोंबत होतं, त्याला टोमॅटो म्हणायला तिची जीभ धजेना. लसणाचा लालभडक गड्डाच तो: डझनभर बारके टोमॅटो एकमेकांना चिकटून, एकमेकांतून उगवून, एका देठावर दाटी करून बसलेले.

मोरोझुमी-सानने फळ झाडावर तसंच ठेवून त्यातली एक पाकळी बोटांनी तोडली आणि तिच्या हातावर ठेवली. रस जेमतेम एक थेंब गळला. बाकीचा गड्डा होता तसाच राहिला.

"ह्याला प्रवाशाचा टोमॅटो म्हणतात," ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी बियांची देवाणघेवाण करणाऱ्या एका जर्मन माणसाने पाठवला. सुरी नको, ताट नको. चालता चालता एक पाकळी तोडायची, उरलेला पिशवीत. असं पुडीवर लिहिलं होतं. खरं किती, कोण जाणे."

पाकळी चांगलीच आंबट होती. साराला झकास, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"पण हे आता बिघडत चाललंय," ते पुढे म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी पाकळ्या ह्याहून खोल होत्या. दुसऱ्या टोमॅटोंची फुलं मिटलेली असतात, आपापलं उरकतात. ह्याच्या फुलाचं टोक बाहेर डोकावतं. मधमाशी शेजारच्या झाडावरून येते आणि भेसळ करून जाते. जागा एवढीच, ह्याला लांब नेऊ कुठे?"

"आमच्या नवव्या मजल्यावर मधमाशी येत नाही," पद्मिनी म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे नीट पाहिलं, डब्यातल्या चार फळांकडे पाहिलं, आणि आत जाऊन बियांची एक कागदी पुडी आणली.

पुढच्या मार्चमध्ये राउटरवर पुन्हा नात्तोचे डबे चढले. सहा रोपं धरली. मे महिन्यात फुलं आली, ती पाहून पद्मिनी थक्क झाली. साध्या टोमॅटोच्या फुलासारखी नाजूक नव्हेत, तर चार-पाच फुलं एकत्र शिवल्यासारखी जाडजूड. मोरोझुमी-सानने सांगितल्याप्रमाणे तिने चहाची पूड भरायच्या पातळ कापडी पिशव्या आणल्या आणि उमलायच्या आधीच प्रत्येक झाडाच्या एका घोसावर एक पिशवी बांधली. बांधलेल्या देठाला लाल दोरा. त्या घोसाचं फळ बियासाठी, बाकीची खायला. आता मधमाशी नाही, तर पराग झडायचे कसे? फुलाला थरथर हवी.

"मम्मी, माझा टूथब्रश कुठेय?" एका सकाळी आर्या ओरडली. विजेवर चालणारा, तिच्या वाढदिवसाचा.

पद्मिनी गॅलरीत होती. पिशवीवरूनच देठाला ब्रशची मूठ टेकवली, की आत सोनेरी धूळ उडायची. प्रत्येक झाडानंतर ती मूठ फडक्याने पुसून घेत होती, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागायला नको.

आर्या दारात उभी राहिली. चिडायचं ठरवून आली होती, पण ती धूळ बघून तिचं भान हरपलं. "एकदा मी करू?" तिने विचारलं, तेही मराठीत.

जूनमध्ये हिरवी फळं धरली. सहापैकी चार झाडांवर गड्डे होते. उरलेल्या दोन झाडांवर वेगळंच काहीतरी. म्हाताऱ्याचा संशय खरा होता. पद्मिनीने आकडे लिहून ठेवले. आणि त्याच आठवड्यात इमारतीच्या लिफ्टमध्ये सूचना लागली. मोठी दुरुस्ती: सगळ्या इमारतीला बांबूऐवजी लोखंडी परांची, वरून जाळी, तीन महिने रंगकाम. एक जुलैच्या आत प्रत्येक गॅलरी रिकामी हवी. कुंडी नाही, चप्पल नाही, काही नाही.

"सोड आता," विश्वजित म्हणाला. "झालं तेवढं पुष्कळ झालं."

"फळं हिरवी आहेत रे. आत बी तयार नाही. वर्ष वाया जाईल."

"मग त्या आजोबांकडे ठेव."

"बी धरलंय, त्यात आता भेसळ नाही व्हायची. पण त्यांच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. ते स्वतःच म्हणाले."

 विश्वजितने फोन उचलून तिला विचारलं, "स्वरूपाची गॅलरी केवढी आहे?"

स्वरूपा फुनाबोरीला राहायची, सातव्या मजल्यावर. मुंबईच्या एका बँकेच्या इथल्या शाखेत कामाला. गणपतीच्या कार्यक्रमात दोघींची ओळख झालेली. ती हो म्हणाली. शनिवारी नवरा-बायको दोन सायकली घेऊन निघाले. पुढच्या टोपलीत एकेक कुंडी, वर पाच फुटांची काठी आणि तिला बांधलेलं झाड. बारीक पाऊस चालू होता. विश्वजित एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने झाड धरून सिग्नलला उभा राहिला, की रस्ता ओलांडणारे लोक थबकून बघायचे. तीन खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला तो चिंब भिजून म्हणाला, "ह्या गड्ड्याची चव जर बरी नसेल ना..."

"नाहीच आहे," पद्मिनी म्हणाली. "आंबटढाण आहे."

तो इतका हसला, की सायकल भिंतीला टेकवावी लागली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्वरूपाचा फोन आला. आवाज पडलेला. "पद्मिनी, तू येऊन जाशील का? काहीतरी झालंय."

ती धावतच गेली. स्वरूपाच्या सासूबाई, सुनेत्राकाकू, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या सोफ्यावर अपराध्यासारख्या बसल्या होत्या. टेबलावर कोशिंबिरीचं पातेलं. दाण्याचं कूट, कोथिंबीर, वर खमंग फोडणी.

"अगं, मला वाटलं लाल दोरा म्हणजे पिकलेल्याची खूण," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे पपईला बांधतात तशी. हे दोघं बाहेर गेलेले. मी काढला आणि घातला. आता ही सांगते, की त्यात तुझं वर्षाचं काम होतं."

पद्मिनीने पातेलं पुढे ओढलं. "कुठल्या झाडाचा, काकू?"

"एकाचा नाही गं. गड्डे आलेल्या चारही झाडांचे."

ती गॅलरीत गेली. मागून काकूही आल्या, पदराला हात पुसत. पद्मिनी पहिल्या झाडापाशी वाकली आणि तशीच थांबली. लाल दोऱ्याखाली फळ होतं. अर्धं. एका बाजूच्या चार पाकळ्या गेलेल्या, तिथे सुकलेली खूण, आणि दुसऱ्या बाजूच्या सात-आठ पाकळ्या टवटवीत, घट्ट. दुसऱ्या झाडावर तसंच. तिसऱ्यावर, चौथ्यावरही.

"काकू, तुम्ही सगळं नाही काढलंत?"

"कशाला काढू? घरात खाणारी तीन माणसं. मला ते लसणासारखं दिसलं, मी म्हटलं लागतील तेवढ्या पाकळ्या घ्याव्यात, बाकीचं राहू दे झाडावर. परवा काढून ठेवल्या, आज घातल्या. काही बिघडलं नाही ना त्याचं?"

पद्मिनी खालीच बसली. पुडीवर काय लिहिलं होतं, ते कुणीही न सांगता, नाशिकच्या बाईने पहिल्या नजरेत ओळखलं होतं. तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि काकू घाबरून "अगं, पाणी आण गं हिला" म्हणून सुनेला ओरडायला लागल्या.

मग तिघींनी मिळून ती कोशिंबीर पोळीबरोबर खाल्ली. आंबटपणाला काकूंनी बरोबर साखर घातली होती.

दहा दिवसांनी बी काढलं, आंबवलं, धुतलं, वाळवलं. चार पुड्या घेऊन पद्मिनी मोरोझुमी-सानकडे गेली. वहीही नेली: किती उगवली, कोणत्या दिवशी, कोणावर काय आलं. म्हाताऱ्याने अक्षर न् अक्षर लक्ष देऊन ऐकलं. कोशिंबिरीचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला, आणि दुसऱ्यांदा बायकोलाही आतून बोलावलं. पुड्या त्यांनी दोन्ही हातांत घेतल्या.

"आणि ती भेसळीची दोन?" त्यांनी विचारलं. "उपटून टाकलीत ना?"

पद्मिनीने पिशवीतून एक फळ काढून त्यांच्यापुढे धरलं. बटव्यासारख्या चुण्या होत्या, पण प्रत्येक चुणी खाली फुगून वेगळी झालेली. कापलं तर आत निम्मं पोकळ. त्यांच्या सात झाडांपैकी कशासारखंच नव्हतं आणि थोडंथोडं सगळ्यांसारखं होतं.

"टाकवेना," ती म्हणाली. "ह्याचं बी पेरलं तर काय येईल?"

"ते कुणीच सांगू शकत नाही."

"म्हणूनच."

मोरोझुमी-सान ते फळ हातात फिरवत राहिले. पन्नास वर्षं एकसारख्या जुड्या बांधलेला माणूस. "मलाही थोडं बी द्या," ते शेवटी म्हणाले.

ह्या वर्षी पद्मिनीकडे त्या भेसळीची बावीस रोपं झाली. गॅलरीत मावेनात, म्हणून फुनाबोरीपासून कोतोपर्यंत ओळखीच्या नऊ घरांत वाटली. इनाबा-साननेही दोन मागून नेली. अट एकच: फळ धरलं की फोटो पाठवायचा, मग वाटेल तसं खायचं. फोटो आर्याकडे येतात. तिने संगणकावर तक्ता केलाय, रकान्यांची नावं जपानीत, शेरे मराठीत. आतापर्यंत अकरा झाडांचे फोटो आलेत. एक फळ घंटेसारखं आहे, एक उशीसारखं, एकाला मधोमध भोक आहे आणि त्याचं काय करायचं ते कुणाला कळलेलं नाही. दोन अगदी साधे गोल निघाले, ज्यांच्या घरी ते आले त्यांनी दिलगिरी व्यक्त केली.

रविवारी ती सायकलवरून हरितगृहाशी पोचते, तेव्हा मोरोझुमी-सान दाराशीच उभे असतात. चष्मा पुसून तयार.

"आज काय निघालं?" ते विचारतात, आणि ती फोन उघडते.